अर्थाआधीचा रस

ध्वन्यालोकाचा तिसरा उद्द्योत, म्हणजे तिसरे प्रकरण, शिकवताना एका जागी मी हमखास रेंगाळते. शब्दाचा वाच्यार्थ वेगळा आणि त्याची व्यंजकता, म्हणजे सुचवण्याची शक्ती, वेगळी, हे पटवताना आनंदवर्धन गाण्याचा दाखला देतो. गीताच्या स्वरांना वाच्यार्थ नसतो, तरी त्यांतून रस प्रकट होतोच. नवव्या शतकातल्या काश्मिरी पंडिताचे हे म्हणणे माझ्या अंगी मुरले ते जपानी रेडिओमुळे.

ॲम्स्टरडॅममध्ये २०१६ साली ‘रेडिओ गार्डन’ सुरू झाले. पडद्यावर पृथ्वीचा गोल, त्यावर हिरवे ठिपके. ठिपक्यावर गेले की तिथले केंद्र लागते. रात्री साडेनऊला मी उत्तरपत्रिका तपासत असते तेव्हा जपानात एक वाजलेला असतो. अशाच वेळी क्यू साकामोतोचे १९६१ सालचे ‘उए ओ मुइते आरुको’ कानावर पडले. जपानीचा मला गंध नाही. चाल उडती, सहज ताल धरावा अशी. तरी गाणारा काहीतरी आवरून धरतो आहे असे वाटत राहिले, आणि मध्येच तो नुसती शीळ घालू लागला तेव्हा माझा गळा दाटून आला.

अर्थ मागाहून शोधला. अश्रू ओघळू नयेत म्हणून मान वर करून चालणाऱ्या माणसाचे ते गाणे. अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्धचे १९६० सालचे आंदोलन फसले, त्या निराशेतून रोकुसुके एई यांनी ते लिहिले, असे सांगतात. पण गाण्यात कराराचा उल्लेखही नाही. रसमीमांसक भट्टनायकाचे साधारणीकरण, म्हणजे एकाचा भाव सर्वांचा होणे, याहून स्वच्छ कुठे दिसणार? ज्या देशाशी झालेल्या करारातून ते दुःख उपजले, त्याच अमेरिकेत जून १९६३ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत पहिले आले. ऐकणाऱ्या बहुतेकांना जपानी येत नव्हते.

एका विद्यार्थिनीने शंका काढली, “मॅडम, ते नुसते कर्णसुख असेल. करुण तुम्ही अर्थ कळल्यावर जोडला.” नाही. गळा आधी दाटला होता. अर्थाने त्या भावाला नाव दिले, एवढेच.

मला अडवते ते पुढचे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानात विमान कोसळून ५२० माणसे गेली. त्यांत साकामोतो होते, अवघ्या ४३ वर्षांचे. आता ती शीळ येते तेव्हा मला वाटतो तो करुण नव्हे, सरळ शोक. विशिष्ट देशात, काळात, परक्याच्या सुखदुःखात मन गुंतले की आस्वाद खंडित होतो. रसमीमांसक अभिनवगुप्त याला रसविघ्नांत गणतो. इथे मी त्याच्याशी वाद घालते. मला हे विघ्न हवे आहे. ज्या कंठातून रस आला तो एका माणसाचा होता, हे पुसून मिळणारा आस्वाद मला नको. यंदा तिसरा उद्द्योत संपला की हा पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मी वर्गापुढे मांडणार आहे, आणि आधी ते गाणे ऐकवणार आहे, अर्थ न सांगता.