आबांची फीत

हदगावच्या तामसा रस्त्यावर थंडीत पहाटे पाचला गेलात तर अंधारात आधी पावलांचे आवाज येतात, पोरं मागून दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. सगळ्यांची तयारी एकाच गोष्टीची, पोलीस भरतीची. पैनगंगेच्या अलीकडं हदगाव काय नि पलीकडं उमरखेड काय, शेतकऱ्याच्या घरात महिन्याचा पगार आणायची ही सगळ्यात ओळखीची वाट. २०२४ च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. एका जागेमागं शंभर जण. त्यात मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत पळालं की २० पैकी २०, त्यावर वेळ गेला की १८. ज्या यादीत एकेका गुणावर शेकडो नावं खाली-वर होतात, तिथं हे दोन गुण म्हणजे वर्षभराची मेहनत.

या रस्त्यावर पळणाऱ्यांत एक भाऊ-बहीण होते. भाऊ थोरला. हळदीची पट्टी आली तेव्हा त्यानं बापाकडं हट्ट धरून जीपीएसचं घड्याळ घेतलं. बापानं घासाघीस केली नाही. पोराच्या नोकरीसाठी लागतंय म्हटल्यावर कुठला बाप करतो? बहीण मोबाईलच्या स्टॉपवॉचवर पळायची. एका मोरीपासून एका लिंबाच्या झाडापर्यंत तिचं अंतर ठरलेलं. ते नेमकं किती मीटर आहे हे तिला माहीत नव्हतं, पण ते रोज तेवढंच आहे हे माहीत होतं.

भावाचं घड्याळ १६०० मीटर झाले की मनगटावर थरथरायचं. वेळ दिसायची ५ मिनिटं ५ सेकंद. वीसपैकी वीस. त्यानं मित्रांना सांगितलं, मामाला फोन करून सांगितलं, आईनं शेजारी सांगितलं. एके दिवशी घड्याळानं ५:२४ दाखवले. तो म्हणाला, "आज रेंज नव्हती, उपग्रहच सापडले नाहीत नीट." दुसऱ्या एका दिवशी ४:५८ दाखवले. त्या दिवशी रेंजबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही.

बहिणीच्या मनात मात्र एक गोष्ट सलत होती. एकदा तिनं विचारलं, "दादा, तू निघतोस रोज त्याच मोरीपासून. मग तुझे १६०० मीटर कधी अलीकडं, कधी पलीकडं कामून संपतात?"

"घड्याळ उपग्रहावरून मोजतंय. तुला कळायचं नाही त्यातलं."

ती आबांकडं गेली.

आबा भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. साखळीच्या काळापासून प्लेन टेबल आणि पुढं मशीनपर्यंत त्यांची नोकरी झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब नि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे त्यांच्या बोटांवर. त्यांनी नातीचं ऐकून घेतलं, घड्याळ मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. म्हणाले, "चांगली वस्तू हाय. पण हिची हद्द कुणी कायम केली?"

"म्हणजे?"

"म्हणजे हिनं सांगितलेले १६०० मीटर खरंच १६०० हायत का, हे कुणी मोजलं?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं मोरीवर होते. आबांनी माळ्यावरून तीस मीटरची पोलादी फीत काढली होती. एक टोक नातीकडं, एक नातवाकडं, स्वतः मध्ये काठी घेऊन. फीत जमिनीवर सरळ पडली पाहिजे, झोल राहता कामा नये, दर वेळी ओढ सारखीच पाहिजे. टोकाला खडूची रेघ, रेघेवर खिळा, मग पुढची फीत. वळण आलं तिथं आबांनी रस्त्याच्या आतल्या कडेनं, फूटभर अंतरावरून फीत टाकायला लावली. मॅरेथॉनचा रस्ता मोजतात तोही असाच, आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. पळणाऱ्याला जाता येईल अशी सगळ्यात जवळची वाट मोजायची, म्हणजे अंतर कुणालाही कमी पडत नाही. त्रेपन्न वेळा फीत पडली, वर दहा मीटर. तिथं आबांनी एक दगड रोवला आणि चुन्यानं पांढरा केला. निम्म्यावर ८०० चा दगड.

"आता पळ."

तो पळाला. घड्याळ थरथरलं तेव्हा वेळ होती ५:०५. पांढरा दगड अजून दोन फिती पुढं होता. साठ मीटर. तो तसाच पळत दगडापर्यंत गेला, बहिणीनं वेळ घेतली: ५ मिनिटं १७ सेकंद. अठरा गुण.

पोराचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "फीत जुनी हाय आबा. तीच चुकली असंल."

आबांना राग आला नाही. उलट बरं वाटलं. "हा सवाल बरोबर हाय. मोजणीत पहिला संशय आपल्याच साधनावर घ्यायचा असतो." त्यांनी दगडापासून मोरीकडं, उलट्या बाजूनं पुन्हा मोजायला लावलं. दोन्ही मोजण्यांत फरक निघाला वीतभर. मग त्यांनी समजावलं की पोलादी फीत उन्हात वाढते. वीस अंश ऊन चढलं की तीस मीटरमागं सात मिलिमीटर, म्हणजे १६०० मीटरला हातभरही नाही. तेवढं टाळायलाच पहाटे मोजायचं. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टननं हिंदुस्थानची मोजणी सुरू केली, तेव्हा शंभर फुटी पोलादी साखळी तो तंबूच्या सावलीत, लाकडी पेट्यांत ठेवून, शेजारी तापमापक लावून टाकायचा. त्या मोजणीवर आयुष्य घालवलेला तो माणूस १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. मोजणी खात्यातल्या जुन्या माणसांना हे नाव घरच्या माणसासारखं माहीत असतं, आणि आबा ते सांगताना आजही जरा ताठ बसतात.

"मग घड्याळ खोटं बोलायलंय?" पोरानं विचारलं.

आबा रस्त्याच्या कडेला बसले. त्यांनी धुळीत सात खडे एका ओळीत मांडले, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सुतळी धरली आणि जेवढी लागली तिथं गाठ मारली. मग मधले खडे बोटानं सरकवले, एक जरा डावीकडं, एक जरा उजवीकडं, चार-चार बोटं. पहिला आणि शेवटचा जागचे हलवले नाहीत. पुन्हा प्रत्येक खड्याला वळसा घालत सुतळी नेली. गाठ शेवटच्या खड्यापर्यंत पोचली नाही, सुतळी कमी पडली. बहीण आधी हसली. तिला कळलं होतं.

घड्याळात नेमकं हेच होतं. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरहून जास्त उंचीवर. त्यांचा संदेश निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागला यावरून घड्याळ आपली जागा ठरवतं, आणि त्यासाठी एका वेळी किमान चार उपग्रह लागतात. हा हिशेब इतका नाजूक की सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जमिनीवर ३०० मीटरचा फरक पडतो. तरीही मोकळ्या आभाळाखाली जागा चार-पाच मीटरच्या आत सापडते, ही माणसाच्या बुद्धीची कमालच. गावाचा रस्ता शोधायला, वावराचा बांध ढोबळ पाहायला ती पुरते. पण पळताना घड्याळ सेकंदासेकंदाला एक खडा मांडतं, प्रत्येक खडा थोडा इकडं नाहीतर तिकडं, आणि ते सगळे जोडून अंतर सांगतं. सरळ रस्त्यावर अशी रेघ खऱ्या वाटेपेक्षा लांबच भरते. वर झाडांची छत्री असली, पानं दवानं ओली असली, बाजूला इमारत असली की संदेश अडतो किंवा भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि खडे आणखी हलतात. घड्याळ ही रेघ आपल्या परीनं सरळ करून घेतं, पण पुरती नाही. गोल मैदानावर कधी उलटं होतं: बॅटरी वाचवायला घड्याळ खडे लांब लांब मांडत असेल तर वळणाचा कोपरा कापला जातो आणि अंतर कमी भरतं. पळता पळता दिसणारा वेग तर मागच्या काही सेकंदांची सरासरी. आपण गती वाढवतो तेव्हा ते आधीची गती सांगत असतं. शिवाय पोरगा बटण दाबून लगेच सुटायचा. उपग्रह सापडल्याची खूण यायच्या आधीच त्याचे शंभर-दीडशे मीटर झालेले असायचे, त्या तुकड्याला तर धरबंधच नव्हता.

"पण आबा, आता सरकारी मोजणीपण उपग्रहावरच होती ना? ते रोव्हर का काय असतंय ते?"

"होती. उपग्रह तेच. पण रोव्हर एकटा नसतो. ज्याची जागा आधी पक्की मोजलेली हाय असं ठाणं त्याला क्षणोक्षणी सांगत असतं, आत्ता इतकी चूक पडायली, तेवढी वजा कर. म्हणून तो बोटा-दोन बोटांपर्यंत जातो. तुझ्या मनगटाला असं सांगणारं कोण हाय?"

मग आबांनी जे सांगितलं त्यासाठी मी ही गोष्ट लिहायला घेतली. म्हणाले, "उभ्या नोकरीत शेकडो मोजण्या केल्या मी. मोजणीचा अर्ज कोण करतो माहिताय? ज्याची जमीन कमी भरती तो. ज्याच्याकडं शेजाऱ्याचे चार गुंठे जास्तीचे आलेत, तो कधी खात्याची पायरी चढत नाही. चढला की हद्द सरकती. तुझं घड्याळ ५:२४ म्हणलं तेव्हा तू त्याच्यावर संशय घेतलास. ४:५८ म्हणलं तेव्हा घेतला नाहीस. घड्याळ दोन्ही दिवशी तेच होतं."

पोरगा गप्प बसला. मामाला काय सांगायचं हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न होता, आणि त्यानं त्याच संध्याकाळी फोन करून खरी वेळ सांगितली. मला यात त्याचं मोठेपण दिसतं. आकडा मागं घेणं सोपं नसतं. पाहुण्यारावळ्यांत पसरलेला आकडा मागं घेणं तर त्याहून अवघड.

घड्याळ त्यानं फेकलं नाही, आबांनी फेकू दिलं नाही. वेळ ते अचूक मोजतं, छातीचे ठोके पुष्कळ बरे सांगतं, आठवड्यात साधारण किती पळणं झालं याची नोंद ठेवतं. त्या कामाला ते राहिलं. १६०० चं काम दगडाकडं गेलं. मोरीवर बटण, पांढऱ्या दगडावर बटण. बहिणीलाही पहिल्यांदा कळलं की तिचं लिंबाचं झाड ८०० ला बावीस मीटर कमी आहे. तिनं कुरकुर न करता झाड सोडलं आणि दगड धरला.

भरतीच्या मैदानावर पळणाऱ्याच्या अंगावर चिप असते. ती रेषेवर वेळ टिपते. अंतर तिला मोजावं लागत नाही, ते ट्रॅकवर आधीच आखून ठेवलेलं असतं. तिथं कुणी मनगट पुढं करून माझ्या घड्याळात इतके मीटर झाले असं सांगत नाही. आबांनी निघताना एवढंच बजावलं होतं, आतल्या रेषेला धरून पळ. ४०० मीटरच्या ट्रॅकवर दुसऱ्या पट्टीत राहिलास तर दर फेरीला सात मीटर जास्तीचे, चार फेऱ्यांत अठ्ठावीस, म्हणजे पाच सेकंदांहून जास्त.

तो ५ मिनिटं १२ सेकंदांत पळाला. अठरा गुण, वीस नाहीत. पण हे अठराच येतील असं त्याला महिनाभर आधीपासून कळत होतं, कारण दगड रोज तेच सांगत होता. म्हणून शेवटचा महिना त्यानं मैदानी चाचणीतल्याच सव्वासात किलोच्या गोळाफेकीवर घातला. तिथं साडेआठ मीटरला पूर्ण पंधरा गुण आहेत आणि त्याची फेक त्याच्या आत पडत होती. ती त्यानं फितीनं मोजत मोजत साडेआठच्या पुढं नेली. लेखी परीक्षेच्या यादीत त्याचं नाव लागलं. घड्याळाच्या ५:०५ वर विसंबून गेला असता, तर गोळ्याकडं त्यानं ढुंकून पाहिलं नसतं. बहिणीनं ८०० मीटर २ मिनिटं ४९ सेकंदांत काढले. पूर्ण वीस गुणांची हद्द २:५० ची.

तुमच्याही गावाबाहेर पहाटे पोरं-पोरी पळत असतील. त्यांच्यातल्या पुष्कळांना आपण खरे किती मीटर पळतो हे माहीत नाही. कुणी घड्याळावर, कुणी मोबाईलवर, कुणी गाडीच्या मीटरवर भरवसा ठेवून वर्ष काढतंय. तालुक्याला एखादा निवृत्त मोजणीदार असतोच, तीस मीटरची फीतही बाजारात सहज मिळते. गाड्यांची वर्दळ नसलेला सरळ रस्ता पाहा, एक पहाट द्या, दोन्ही बाजूंनी मोजा, आणि ८०० ला एक, १६०० ला एक असे दोन दगड पांढरे करून ठेवा. पाऊस झाला की चुना पुन्हा लावायला विसरू नका.