पाकळीचा ल, देठाचा श

मराठी वाचकाला आवडत्या फॉन्टचे नाव विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. पण लग्नपत्रिकेतला ‘ल’ हिंदी वळणाचा निघाला, की घरातले कोणीतरी म्हणतेच, ‘अक्षर काहीतरी वेगळे दिसते आहे.’ नेमके काय वेगळे, हे त्या माणसाला सांगता येत नाही. डोळ्याला मात्र ते कळलेले असते. अक्षराच्या वळणावरचा जीव बहुधा असा अबोल असतो, म्हणून त्याला हौशी लोकांचा चोखंदळपणा समजून बाजूला सारणे सोपे जाते. तसे करू नये. हा जिव्हाळा वर्षानुवर्षांच्या वाचनातून आलेला असतो, आणि मराठीची काही खास अक्षररूपे टिकणार की नाही हे आज बरेचसे त्याच्यावरच अवलंबून आहे.

दोन अक्षरे जवळून पाहावीत. मराठी वळणाच्या ‘ल’मध्ये शिरोरेषेवरून एक लहानशी उभी रेघ मधोमध उतरते आणि तिच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या उमलतात. हिंदी वळणाच्या ‘ल’मध्ये उजवीकडची पाकळी नसते, तिथे सरळ उभा दंड असतो. ‘श’चेही तसेच. मराठी ‘श’चा डावा भाग देठासारखा खाली येतो, तर हिंदी वळणात त्या जागी गाठ असते. दंडाच्या ‘ल’ची एक सोय नाकारता येत नाही. दंड काढून टाकला की अर्धा ‘ल’ तयार होतो, म्हणजे ‘कोल्हापूर’ किंवा ‘कल्याण’ जुळवणे यंत्राला सोपे जाते. पाकळीच्या ‘ल’ला अर्धे करायचे तर उजवी पाकळी कुठे आणि कशी छाटायची, हा निर्णय अक्षर रेखाटणाऱ्याला डोळ्याने घ्यावा लागतो.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयात मराठीची वर्णमाला निश्चित केली, तेव्हा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांनाच मान्यता दिली. निर्णय योग्यच होता. पण पडद्यावर कोणता ‘ल’ उमटेल हे शासन निर्णयाने ठरत नाही. संगणकावर अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतपद्धतीत ‘ल’ला एकच क्रमांक आहे आणि दोन्ही रूपे त्याच क्रमांकाखाली येतात. टंकलेखन करणारा फक्त ‘ल’ ही कळ दाबतो; पाकळी की दंड, हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे भरलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच पाकळी दिसते. ती नोंद सहसा कोणी करत नाही. फोन आणि संगणक बाजारातून जो फॉन्ट घेऊन येतात तोच चालू राहतो, आणि शाळेत पाकळीचा ‘ल’ गिरवलेले मूल दिवसभर दंडाचा ‘ल’ वाचते.

याला उत्तरेचे आक्रमण म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. छापील देवनागरीच्या घडणीत मुंबईचा वाटा फार मोठा आहे. जावजी दादाजी चौधरी लहानपणी मुंबईतल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळ्यांच्या सुधारणेत गुंतले होते. पुढे जावजींनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी तिथे ठसे कोरले. जोडाक्षरे आणि मात्रा धरून शेकडो खिळे लागत, आणि प्रत्येकाचा ठसा हाताने कोरावा लागे. निर्णयसागरच्या ‘काव्यमाला’ या मालिकेतले संस्कृत ग्रंथ याच अक्षरांत देशभर पोचले. हिंदीच्या जुन्या छपाईत ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ यांची वेगळी रूपे चालत. पुढे हिंदीच्या मानक वर्णमालेने मुंबई वळणाची रूपे स्वीकारली. म्हणजे अक्षरांची ये-जा दोन्ही दिशांनी झाली आहे. ज्या मुंबईने तीन अक्षरे दिली, तिने आपली दोन राखावीत, एवढीच अपेक्षा आहे.

यावर एक आक्षेप येतो. दोन्ही ‘ल’ वाचता येतात, मग अडते कुठे? सवयीचा तर प्रश्न आहे! अक्षररचनाकार झुझाना लिचको यांनी १९९० मध्ये असे मत मांडले होते, की माणसे जे सर्वांत जास्त वाचतात तेच त्यांना सर्वांत सहज वाचता येते. हे मत मान्य केले तर आक्षेप उलटतो. सवय हाच वाचनाचा पाया असेल, तर सवयीचे रूप वारंवार डोळ्यांपुढे येणे ही वाचकाची खरी गरज ठरते. स्वीडनच्या इकिया कंपनीने २००९ मध्ये आपल्या कॅटलॉगसाठी फ्युचुराच्या घराण्यातला टाइप सोडून व्हर्डाना घेतला, तेव्हा कितीतरी लोकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. दोन्ही टाइप सुवाच्य होते, तरी डोळ्यांना बदल खुपलाच. रोमन लिपीच्या वाचकापुढे निदान हजारो पर्याय असतात. मराठी वाचकापुढे ते फार थोडे आहेत, म्हणून इथली प्रत्येक निवड अधिक परिणाम करते.

जिव्हाळ्याची किंमतही मोजावी लागते, हे मराठी प्रकाशनाने अनुभवले आहे. युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट देखणे होते, त्यांत जोडाक्षरे भरपूर होती, आणि संपादक-प्रकाशकांचा त्यांच्यावर जीव जडला. पण त्या मजकुराची संकेतपद्धत ज्या-त्या फॉन्टची असे. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला, की पानभर निरर्थक चिन्हे दिसत. अशा फायलींत अडकलेले दिवाळी अंक आणि ग्रंथ आजही शोधयंत्राला सापडत नाहीत. वळणाचे प्रेम मजकुराला कोंडून ठेवू लागले तर ते भाषेच्या मुळावर येते. म्हणून जुन्या फॉन्टला कवटाळून बसण्यापेक्षा युनिकोडमध्येच मराठी वळणाचे चांगले फॉन्ट मागणे शहाणपणाचे आहे.

शिवाय सगळाच प्रश्न सौंदर्याचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावले तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाक करणारे. हा फरक ‘य’च्या डावीकडे काढलेल्या एका छोट्या आडव्या फराट्यावर उभा आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून मराठीचा विचार न करता केलेल्या फॉन्टमध्ये तिथे पाय मोडलेला ‘र’ सुटा दिसतो. मग टंकलेखक वैतागून ‘दर्या’च लिहून टाकतो. फॉन्टमधली उणीव अशी शुद्धलेखनात उतरते.

सुदैवाने काम करणारी माणसे आहेत. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईच्या ‘एकटाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतील असे खुले केले. त्यांच्याच ‘मोदक’मध्ये अक्षरे इतकी गुबगुबीत आहेत, की त्यांच्या पोटातली मोकळी जागा केवळ बारीक पांढऱ्या रेषांएवढी उरते, तरीही अक्षर ओळखू येते. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ करवून घेतले. एका देवनागरी फॉन्टसाठी शेकडो आकार रेखाटावे लागतात, आणि जाडीचा प्रत्येक नवा प्रकार म्हणजे ते सारे आकार पुन्हा तपासणे.

या श्रमाला प्रकाशक आणि संस्थांच्या अंदाजपत्रकात जागा हवी. मुखपृष्ठाच्या चित्रकाराला मानधन देणारा प्रकाशक फॉन्ट मात्र फुकट किंवा चोरीचा वापरतो, ही प्रथा मोडायला हवी. मुद्रितशोधकाने ऱ्हस्व-दीर्घाइतकेच ‘ल’, ‘श’ आणि ‘ऱ्य’ यांकडे पाहावे. पाठ्यपुस्तके, शासकीय संकेतस्थळे आणि वृत्तपत्रे यांनी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवणे ही तर एका ओळीची दुरुस्ती आहे. ज्या फॉन्टमध्ये पाकळी आधीच भरलेली आहे, तिथे ती त्याच दिवशी दिसू लागेल.