पंधरा किलो

बायकांच्या बारचं वजन पंधरा किलो असतं. चकत्या न लावता, नुसत्या दांड्याचं. पुरुषांचा वीस किलोचा. तो जरा लांब आणि मुठीत जाड. हे ज्ञान मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी झालं आणि त्या सकाळी घरी आल्या आल्या मी ते आईला ऐकवलं. आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजी एक हंडा."

मी मनात हिशेब मांडला. बारा-तेरा लिटर पाणी आणि दोन-अडीच किलोचं पितळ. बरोबर पंधरा.

आई माणदेशातली. दहिवडीच्या पुढचं गाव, पावसानं कायम पाठ फिरवलेलं. डोईवर दोन हंडे, काखेत कळशी, आणि विहीर अशी लांब की जाताना उन्हाला मागं सोडावं तर येताना ते पुढ्यात. १९७२ च्या दुष्काळात ती एकवीस वर्षांची होती. कामावर खडी फोडली, पाझर तलावाच्या भरावावर मातीच्या पाट्या वाहिल्या, सुकडी खाल्ली. हे सगळं ती कौतुक म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणूनही नाही. "तवा व्हतं तसं," एवढंच. अशा बाईची मुलगी महिन्याची फी भरून, पहाटे साडेपाचला साताऱ्याच्या थंडीत कानाला रुमाल बांधून लोखंड उचलायला जाते, हे तिच्या गळी उतरणं अवघडच होतं.

"पैसं दिऊन वझं उचलाया जातीस व्हय गं?"

हा प्रश्न ती अजूनही आठवड्यातून एकदा विचारते. उत्तर ऐकायला थांबत नाही.

उत्तर तसं सरळ आहे. पाळी थांबली, कंबर धरायला लागली, डॉक्टरांनी हाडांची घनता मोजायला लावली. टी-स्कोअर आला उणे २.१. उणे एकच्या खाली हाडं विरळ होऊ लागली असं समजतात आणि उणे अडीचला पोचलात की हाडं ठिसूळ झाल्याचा शिक्का बसतो. म्हणजे मी वेशीवर उभी. कॅल्शियमच्या गोळ्या आल्या, कोवळं ऊन आलं आणि त्या डॉक्टरीणबाईंनी वर म्हटलं, "वजन उचला." मला वाटलं, वजन उतरवा म्हणताहेत. तेही म्हणाल्या, पण नंतर.

हाडाला ओझ्याची भाषा कळते, हे युलियस वोल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदानं १८९२ सालीच मांडून ठेवलंय. ज्या दिशेनं भार पडेल त्या दिशेनं हाड स्वतःला बांधून काढतं, भार काढून घेतला की उसवतं. ऑस्ट्रेलियात तर पाळी गेलेल्या, विरळ हाडांच्या शंभरेक बायका घेऊन प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली आले. निम्म्या जणींना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, देखरेखीखाली चांगलं जड उचलायला लावलं, बाकीच्यांना घरी हलका व्यायाम दिला. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कण्यातली घनता तीनेक टक्क्यांनी वाढली होती, दुसऱ्या गटाची टक्काभर घटली होती. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. वेशीवर उभ्या असलेल्या बाईला विचारा.

पण मग आईचं काय? जन्मभर ओझं वाहिलेल्या बाईची हाडं तर पोलादासारखी हवीत. आज ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, पाठीत वाकली आहे आणि माझ्या लग्नातल्या फोटोत माझ्या कानापर्यंत येणारी आई आता खांद्याशी येते. वोल्फसाहेबांचा नियम माण तालुक्यात लागू नव्हता की काय?

यावर मी पुष्कळ दिवस विचार केला, बहुतेक एसटीत. (नोकरी साताऱ्यात, घरचं बिऱ्हाड सांगलीत, शनिवारी दुपारी निघायचं, सोमवारी पहाटे परत. विचारांना एवढी मोकळी जागा दुसरीकडे कुठं मिळणार?) हाड ओझ्यानं नुसतं चेतवलं जातं. बांधलं जातं ते नंतर, जेवताना आणि झोपताना. माझ्या ताटात सकाळी दोन अंडी असतात, गुरुवार सोडून. मटकीची उसळ असते, दूध असतं, शेंगदाण्याची चटणी तर सातारा-सांगलीत कुणी मोजतच नाही. आई सगळ्यांच्या मागून जेवायची. तिच्या वाट्याला भाकरी यायची, कालवण यायचंच असं नाही. चार बाळंतपणं झाली, आणि प्रत्येक वेळी कॅल्शियम कुणाच्या खात्यातून गेलं ते सांगायला नको. आमचे सर मला एक दिवस आड विश्रांती घ्यायला लावतात. विहिरीवर एक दिवस आड जाऊन चाललं असतं का?

सर म्हणजे सव्वीस वर्षांचा पोरगा. मला काकू म्हणतो आणि माझ्यावर ओरडतो. "काकू, दम धरा! आधी दम भरा, मग उचला!" पोटात श्वास कोंडून कण्याला आतून टेकू द्यायचा, ही यातली मुख्य युक्ती. आणि माझी मुख्य काळजीही हीच. एका रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले, तर १९८५ सालचा एक प्रयोग हाती लागला. शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून, पायांनी जड वजन ढकलताना रक्तदाब मोजला होता. सरासरी आकडा ३२० वर आणि २५० खाली. क्षणभराचाच, वजन ठेवलं की लगेच उतरणारा. पण रात्री दीड वाजता "क्षणभराचाच" हा शब्द डोळ्यांना दिसत नाही, तीनशे वीस दिसतो. मी उठून स्वतःचा रक्तदाब मोजला. १३८. पाच मिनिटांनी पुन्हा मोजला, १४४. मोजण्यानंच वाढत होता.

उचलणाऱ्यांचं हे एक वेगळंच दुखणं असतं. रोज कुठला ना कुठला स्नायू ठणकतो आणि रोज त्यातून एक नवा रोग निघतो. मागच्या पावसाळ्यात डावा दंड भरून आला, रविवारची रात्र, मी निम्मं मृत्युपत्र मनात लिहून काढलं. ईसीजी स्वच्छ. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "काल काय उचललं होतं?" बार डोक्यावर ढकलला होता. बारा वेळा. त्यांनी दाबासाठी अर्धी गोळी सुरू केली आणि एक सांगितलं: दाब आटोक्यात असेल तरच जड, आणि श्वास कोंडायचा तो एका दमापुरता, सोडायला विसरायचं नाही.

सोडायचा कसा ते मात्र मी दुसरीकडे शिकते. सांगलीत रविवारी सकाळी माझा गाण्याचा वर्ग असतो. आवाज बेताचा, उत्साह भरपूर. तानपुरा मिरजेचा आहे, भोपळ्याला एक बारीक चीर गेलेली, म्हणून स्वस्तात मिळाला. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या बाईंनी पेढे वाटले, साताऱ्याचे कंदी.) वर्गात नेमकं उलटं सांगतात: श्वास धरून ठेवू नका, तो सुरात वाहू द्या. शनिवारी सकाळी कोंडायला शिकायचं आणि रविवारी सकाळी सोडायला. शिवाय बार पकडताना अंगठा बोटांखाली दाबून धरायचा असतो, त्यामुळे माझ्या अंगठ्याचं नख कायम निळं. बाईंनी एकदा हात बघितला आणि तानपुरा बाजूला ठेवून विचारलं, "दारात सापडला का गं?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर तो तास लोखंडावरच गेला असता.

सांगलीतल्या आमच्या बोळात मात्र खरं सांगायला लाज वाटत नाही. ३० जुलै २०२२ ला तिथं टीव्हीसमोर सगळी गोळा झाली होती. बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा आणि मंचावर सांगलीचा संकेत सरगर, ५५ किलो वजनगट, वय एकवीस. वडिलांची पान-चहाची टपरी. धाकटी बहीण काजोल. तिनंही त्याच जूनमध्ये पंचकुल्यात खेलो इंडियाच्या ४० किलो गटात सुवर्ण आणलेलं. संकेतनं स्नॅचमध्ये ११३ उचलले, क्लीन अँड जर्कमध्ये १३५. मग १३९ लावले आणि उचलताना उजवा कोपर गेला. त्याचा चेहरा बघवेना. बोळातल्या एक आजी म्हणाल्या, "झालं पोरा, बास आता." तो तिसऱ्या प्रयत्नाला पुन्हा आला. तोच कोपर, तेच १३९. नाही झालं. एकूण २४८, आणि मलेशियाचा गडी २४९ वर. एका किलोनं सुवर्ण हुकलं. भारताला त्या स्पर्धेतलं पहिलं पदक मिळालं म्हणून बाहेर फटाके वाजले, पण मला अजून आठवतो तो त्याच्या हातून सुटून मंचावर आदळलेला बार.

बार आदळणं हा या खेळातला गुन्हा नाही. चकत्या रबरी असतात त्या त्यासाठीच. उचलता आलं नाही तर सोडून बाजूला व्हायचं. सर पहिल्या आठवड्यात उचलायला नंतर शिकवतात, टाकायला आधी. उचलता आलं, तरी पंचांनी खूण केली की बार पुढ्यात खाली आणायचा आणि तो खांद्याच्या खाली आला की हात सोडायची परवानगी असते. मला हेच जमत नाही. अडीच वर्षं झाली, सर ओरडून दमले. बार वर जातो, पण खाली आणताना मी तो मांडीवर टेकवत, कंबर वाकवत, जमिनीवर अलगद ठेवते. "काकू, कंबर जाईल! टाका!" कळतं. हात सुटत नाहीत. भरलेलं भांडं आदळायचं नाही, हे माझ्या हातांना कुणी कधी शिकवलं ते मला आठवत नाही.

मागच्या महिन्यात आई हट्टानं जिम बघायला आली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडून रिक्षा केली. पोरांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, दोघं पाया पडले. तिनं भिंतीवरचा मारुती बघून हात जोडले आणि मग बराच वेळ एका पोराकडे बघत राहिली. त्यानं शंभरचा बार उचलला आणि धाडकन सोडला. आई दचकली.

"आसं टाकत्यात व्हय?"

"टाकायचंच असतं, आज्जी," सर म्हणाले.

तिनं रिकाम्या बारवर हात फिरवला, एका बाजूनं जरा उचलून बघितला. वाकूनच होती, तशीच म्हणाली, "ह्योच का तुजा हंडा?" मग खुर्चीत जाऊन बसली, पदर सावरून, नाटकाला बसावं तशी.

मी दोन्ही बाजूंना दहा दहाच्या हिरव्या चकत्या चढवल्या. पस्तीस. दम भरला, खांद्यावर घेतला, वर ढकलला. हात सरळ झाले. आरशात आई दिसत होती. आणि नेहमीसारखा मी बार खांद्यावर घेतला, मांडीवर टेकवला, आता कंबरेतून वाकायचं, एवढ्यात मागून आवाज आला.

"आगं टाक की. पाणी थोडंच हाय त्यात!"