चार अंतःकरणांचा एकच क्षण

मरणाच्या दारी पोहोचलेला माणूस गात नाही, सुडाने पेटलेला माणूस ताल सांभाळीत बसत नाही आणि दुःखाने ज्याचा कंठ दाटला आहे त्याला तारषड्ज सुचत नाही, हा ऑपेरावरचा आक्षेप जुनाच आहे. परंतु टॉलस्टॉयसारख्या धर्मचिंतकाने ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथाच्या आरंभीच, एका ऑपेराच्या तालमीत गायकांना झालेली शिवीगाळ डोळ्यांपुढे ठेवून, एवढ्या माणसांचे श्रम आणि स्वाभिमान ज्या खोट्यापायी खर्ची पडतात त्याला कला का म्हणावे, असा जाब विचारला, तेव्हा त्या आक्षेपाला नैतिक धार आली. त्याला बगल देऊन ऑपेराची महती गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१८५१ साली व्हेनिसमध्ये प्रथम रंगभूमीवर आलेल्या संगीतकार वेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ या ऑपेराचा शेवटचा अंक पाहावा. नदीकाठच्या पडक्या सराईत विलासी ड्यूक तिथल्या माद्दालेनाची मनधरणी करीत आहे. बाहेर, भिंतीच्या फटीला डोळा लावून, त्याच्यावर जीव टाकणारी जिल्दा ते पाहत आहे. आणि तिच्याजवळ तिचा बाप, दरबारचा कुबडा विदूषक रिगोलेत्तो, सुडाचा निश्चय करीत उभा आहे. चौघेही एकदम गातात. ड्यूकची सुरावट ऐटदार आणि ऐसपैस, माद्दालेनाची तुटक व हसरी, जिल्दाची हुंदक्यांनी खंडित, बापाची खर्जात घुमणारी. मूळ नाटक व्हिक्टर ह्यूगोचे. १८३२ साली पॅरिसमध्ये एकाच प्रयोगानंतर त्याला सरकारी मनाई झाली. त्या नाटकातली पात्रे आळीपाळीनेच बोलू शकत होती, कारण चौघे एकदम बोलले तर त्याचा गलका होतो. आपल्या संगीत नाटकातले पदही बहुधा एकाच पात्राच्या मनाचे असते.

न्यायासनापुढेसुद्धा जबानी एकेकाचीच होते. सर्वांची कैफियत एकाच क्षणी, कोणाचीही फिर्याद न डावलता ऐकण्याचे सामर्थ्य माणसाने केवळ अंतर्यामीच्या ठायी कल्पिले आहे. आणि ते सामर्थ्य या चार-पाच मिनिटांपुरते साध्या श्रोत्याच्या कानी येते. अशा वेळी ड्यूकच्या फसवेगिरीचा तिटकारा आलेल्या श्रोत्यालाही जाणवते की, त्याचा स्वर काढून घेतला तर जिल्दाच्या हुंदक्याचा आधारच नाहीसा होईल. रसास्वादात भाव ‘माझा’ किंवा ‘परक्याचा’ राहत नाही, हे भट्टनायकाने साधारणीकरणाच्या सिद्धांतात सांगितले. येथे तर परस्परविरोधी चार भाव आपापले वेगळेपण न सोडता एकाच स्वरसंगतीत नांदतात. म्हणून ते गाणे खोटे म्हणता येत नाही. बोलण्याला जे पेलत नाही ते सत्य त्यात उच्चारले जाते.

१६३७ साली व्हेनिसच्या सान कास्सियानो नाट्यगृहाने पैसे देणाऱ्या कोणालाही दार उघडले आणि तोवर दरबारी मानला गेलेला ऑपेरा लोकांचा झाला. भव्य देखावे आणि गळ्यांची कसरत यांचे आकर्षण खरेच. पण तेवढ्यावर एखादी कला शतकानुशतके जगत नाही. आपले दुःख कोणाच्या कानी जात नाही, ही घरोघरची समजूत आहे, आणि सर्व आवाजांना सामावून घेणारी एखादी संगती असू शकते, हा दिलासा घेऊन लोक तेथून परततात.

तरीही टॉलस्टॉयचा निम्मा प्रश्न उरतोच. पडदा पडताच ती करुणा विझत असेल, तर तोच खरा. त्याचे उत्तर मला वेर्दीच्या स्वरलिपीत सापडले नाही; ते मिलानमध्ये त्याने स्वखर्चाने बांधलेल्या, वृद्ध आणि निराधार गायक-वादकांच्या विश्रामगृहात सापडले. १९०१ साली तो वारला, पुढच्या वर्षी तेथे पहिले रहिवासी आले, आणि त्याच वास्तूत पत्नीशेजारी त्याची समाधी आहे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखे गाइली, त्यांचे स्वतःचे दुःख ऐकायला कोणीतरी असावे, एवढे त्याने पाहिले.