भाकरी आणि वही

पुणतांब्यात गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे. योगबळावर चौदाशे वर्षं जगले अशी ज्यांची ख्याती, ते चांगदेव. आणि त्यांची गुरू झाली ती मुक्ताबाई, वयानं अगदीच पोर. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर वडीलधाऱ्याचा मायना घालावा की धाकट्याचा हेच त्यांना ठरवता येईना, म्हणून कोराच कागद पाठवला. ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि हसून सोडून देतो. पण अडचण खरी होती. म्हाताऱ्यानं पोरीपुढं शिकायला बसायचं तर कसं बसायचं? मला तर चांगदेवांच्या चरित्रात वाघाची स्वारी आणि सापाचा चाबूक यांपेक्षा हे बसणंच मोठं वाटतं.

आज हा प्रसंग गावोगावच्या बचत गटांत घडतो. सून बारावी झालेली, म्हणून गटाची सचिव. सासू साधी सभासद. प्रार्थना होते, हजेरी होते, आणि मग सुनेला वही उघडून सगळ्यांसमोर वाचावं लागतं, की आत्याबाईंचा हप्ता दोन बैठका राहिलाय. घरी जी पदर सावरून बोलते, तिनं इथं हे मोठ्यानं म्हणायचं. सासूनं ते ऐकून घ्यायचं, आणि घरी गेल्यावर त्याचा राग भांड्यांवर काढायचा नाही. ज्या गटाला हे जमतं तो टिकतो, असं माझं मत आहे. न जमणारे गट दिवाळीला पैसे वाटून घेतात आणि मोडतात.

गटाचं गणित तसं सोपं आहे. बाराजणींनी महिन्याला दोनशे रुपये टाकले तर वर्षाला 28,800 रुपये होतात. त्यातून गरजेप्रमाणे एकमेकींना कर्ज द्यायचं, महिना शेकडा दोन रुपयानं म्हटलं तर वर्षाचं चोवीस टक्के व्याज झालं. शहरी माणूस हे ऐकून दचकतो. पण हे व्याज फिरून त्याच बाराजणींच्या खात्यात येतं, सावकाराच्या कनवटीला जात नाही. हल्ली ‘फायनान्सवाले’ही बायकांचे गट करतात आणि त्यालाही गटच म्हणतात. तिथं बायका फक्त एकमेकींच्या जामीन असतात; पैसा कंपनीचा, व्याजही कंपनीचं. दोन्हींची सरमिसळ करून बचत गटाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा व्याज कुठं जातं ते पाहावं.

आपल्याकडं हे काम एका दिवसात उभं राहिलं नाही. 1975 मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. नाबार्डनं 1992 मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग देशभरातल्या पाचशे गटांपासून सुरू केला. 2011 पासून ‘उमेद’ हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं आणि गटांचे ग्रामसंघ, ग्रामसंघांचे प्रभागसंघ झाले. उमेदच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित लेखे अशी पाच सूत्रं आहेत. त्यात देवाधर्माचं काही नाही. तरी बैठक बहुधा भरते ती मंदिराच्या सभामंडपात. कारण गावात असं एकच ठिकाण असतं, जिथं बाई गेली तर ‘कुठं चाललीस’ असं कुणी विचारत नाही.

तेव्हा देवाच्या नावानं बाई घराबाहेर पडते, ही इथली जुनी वाट आहे. पुणतांब्यापासून फार लांब नाही, त्या साकुरीत उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थान उभं केलं आणि वेदमंत्र, यज्ञयाग मुलींच्या हाती दिले. त्यावर टीका पुष्कळ झाली. 1941 मध्ये महाराज गेल्यावर त्यांच्या शिष्या गोदावरी मातांनी ती परंपरा अनेक दशकं चालवली. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये आले. 1960 मध्ये लग्न करतानाच दोघांनी खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य द्यायचं ठरवलं होतं. श्रद्धा ख्रिस्ती होती. त्यांनी गावांकडं एकेक बाई मागितली. आलेल्यांत कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. त्याच बायका गावच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, बाळंतपणं सुखरूप करू लागल्या, महिला मंडळं चालवू लागल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. साकुरीत मुलींच्या हाती मंत्र आला, जामखेडला औषधाची पेटी. दोन्हीकडं जे ज्ञान बाईच्या हाती कधी पडायचं नाही, ते पडलं.

पण भक्तीची दुसरीही बाजू आहे आणि ती बोलायला अवघड आहे. सरला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह या भागात सगळ्यांना माहीत आहे. आमटी-भाकरीचा महाप्रसाद, आणि भाकरी येते ती गावागावांतून, घराघरांतून. ती थापणारे हात कुणाचे, हे सांगायला नको. पहाटे उठून चुलीपुढं बसणाऱ्या बाईला ते ओझं वाटत नाही; तिला ती सेवा वाटते, आणि तिच्या भावनेवर शंका घेणारा मी कोण? माझी शंका मांडवातल्यांवर आहे. मंडपाला किती, लाऊडस्पीकरला किती, कीर्तनकारांच्या बिदागीला किती, हे गावोगावच्या सप्ताहांत पै-पैनं लिहिलं जातं. भाकरीपुढं रकमेचा रकाना नसतो, कारण ती ‘आपल्या घरची’.

मांडवाबाहेरही असंच घडतं. 2017 मध्ये याच पुणतांब्यातून शेतकरी संपाची हाक गेली. 1 जूनपासून शहरांकडं जाणारं दूध आणि भाजी अडली, काही ठिकाणी दूध रस्त्यावर ओतलं गेलं. संपाची मागणी न्याय्य होती असं मी तेव्हाही मानत होतो. पण गोठ्यात पहाटे शेण काढून धार काढणाऱ्या किती बायकांना ‘ओतायचं का?’ असं आधी विचारलं गेलं असेल? त्याच महिन्यात, 24 जूनला, दीड लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. माफी शेतीकर्जाची, आणि ते बहुतेक ठिकाणी सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या नावावर. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकरी स्त्रियांचा चांदवडचा मोठा मेळावा 1986 मध्ये घेतला आणि पुढं ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून बायकोच्या नावावर जमीन करा असं पुरुषांनाच सांगितलं. ते जिथं झालं तिथं झालं.

गटाच्या अंतर्गत कर्जाला मात्र माफी नसते, आणि ती असूही नये. तिथला पैसा शेजारणीच्या कोंबडीच्या अंड्यांचा असतो, खुरपणीच्या मजुरीचा असतो. तो बुडवायचा म्हणजे समोर बसलेल्या बाईला बुडवायचं. सरकारचं कर्ज थकवताना माणसाला समोरचा चेहरा दिसत नाही. गटात तो दर बैठकीला दिसतो. अर्थात या चेहऱ्याचा धाकही होतो. नवरा दारू पितो म्हणून जिचा हप्ता राहिला, तिला बाराजणींसमोर मान खाली घालून बसावं लागतं. परतफेडीच्या आकड्यांवर खूश होणाऱ्या बँकेला यातलं काही दिसत नाही. चांगला गट अशा वेळी आधी वही मिटतो, चौघी तिच्या घरी जातात, आणि मग हप्ता लहान करून पुन्हा लिहितात. हे कुठल्याही सूत्रात लिहिलेलं नाही.

म्हणून ‘अध्यात्मातून ग्रामविकास’ असं व्यासपीठावरून कुणी म्हणालं, की मला विचारावंसं वाटतं, वही कुणाकडं आहे? नुसतं नाम घेऊन बायका एकत्र येतील, येतातच. पण हिशेब पुरुषांच्या खिशात राहिला तर त्या आणखी एका घरचं काम करून परततील. भाकरीचे पैसे मागा, असं मी म्हणत नाही. बायकाच ते मागणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. मात्र सप्ताहाच्या कमिटीत निम्म्या जागा त्यांना द्यायला काय हरकत आहे? हरकत घेतली जाईल, ती मला माहीत आहे: त्यांना वेळ कुठं असतो? पाच-पाचशे भाकऱ्या थापायला असतो तर कमिटीत बसायलाही काढतील. आणि काल्याच्या दिवशी जमाखर्च वाचायला गटाच्या सचिवाला बोलवावं. सासूची थकबाकी सासूसमोर वाचलेली बाई आहे ती, सरपंचाची वर्गणी राहिली असेल तर तीही वाचेल.