लेकीचा चेंडू

सर्वत्र विजयाची इच्छा धरावी, पण पुत्राकडून मात्र आपला पराजय व्हावा असे इच्छावे, अशा अर्थाचे एक सुभाषित आपल्याकडे बहुतेकांना पाठ असते. सत्कारसमारंभात ते हमखास ऐकू येते आणि सभा माना डोलावते. तो पराजय प्रत्यक्ष अंगावर चालून आला असता तो झेलावा कसा, याविषयी मात्र सुभाषितकार काही सांगत नाही. मलाही तो प्रश्न कधी पडला नव्हता. पडला तो अमेरिकेत, एका खेळाच्या निमित्ताने. आणि तेथे पराजय करणारा पुत्र नव्हता, कन्या होती.

माझ्या मुलीच्या घरी काही महिने राहण्याचा योग आला होता. रोज संध्याकाळी शेजारच्या अंगणातून ठराविक अंतराने धप्प असा आवाज येई. कुंपणापाशी गेलो तेव्हा उलगडा झाला. एक चाळिशी उलटलेले गृहस्थ पालथ्या बादलीवर उशी टाकून बसले होते, हातात जाडजूड चामडी हातमोजा होता आणि समोरून त्यांची तेरा वर्षांची मुलगी चेंडू फेकत होती. खेळ सॉफ्टबॉलचा. आपल्याकडेही शालेय स्पर्धांत तो खेळला जातो, परंतु आईबापांनी रोज मुलीसमोर बसून तिचे चेंडू झेलावेत ही रीत मला नवी होती.

या रीतीमागचे कारण साधे आहे. 1972 च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेद करण्यास तिकडे बंदी झाली आणि मुलींच्या खेळांना बहर आला. चेंडू टाकणाऱ्या मुलीला, म्हणजे पिचरला, आठवड्याला शेकडो चेंडूंचा सराव लागतो. संघातली कॅचर रोज उपलब्ध नसते. मग उरतात आई आणि बाप.

सॉफ्टबॉल हे नाव फसवे आहे. 1887 साली शिकागोतल्या एका बोट क्लबात, बंदिस्त जागेत, हा खेळ जन्मला तेव्हा चेंडू कदाचित मऊ असेल. आज तो नाही. मोठ्या मुलींच्या चेंडूचा परीघ बारा इंच असतो आणि वजन क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जास्त, सुमारे 180 ते 200 ग्रॅम. पिचर हात पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण फिरवते आणि चेंडू कमरेजवळून सोडते. दहा वर्षांपर्यंतच्या मुली तो 35 फुटांवरून टाकतात, पुढे 40 वरून, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास 43 फुटांवरून. अंतर वाढते म्हणून बापाला सवड मिळते असे मात्र नाही. लहानपणीचा ताशी चाळीस मैलांचा चेंडू पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेई. साठ मैलांचा चेंडू आठ फूट जास्त अंतर कापूनही त्याआधी येऊन थडकतो. शिवाय पिचर पुढे झेप घेऊन चेंडू सोडते, त्यामुळे खरे अंतर आणखी कमी होते. मोनिका अ‍ॅबट या खेळाडूने 2012 साली ताशी 77 मैलांचा चेंडू टाकल्याची नोंद आहे. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजापुढे यष्टिरक्षक वीस पावले मागे सरकतो. येथे कॅचरला ती मुभा नाही. तिला फलंदाजाच्या अगदी पाठीशीच बसावे लागते आणि सराव खरा व्हायचा तर बापालाही तेथेच.

गंमत अशी, की मुलीचा हात वर्षागणिक वेगवान होत असतो त्याच वर्षांत बापाची नजर मंदावत असते. चाळिशीचा चष्मा आणि तिचा उसळता चेंडू एकाच सुमारास घरात येतात. पण बापाच्या मनात ती अजून दहा वर्षांचीच असते. तेव्हा तिचे चेंडू उघड्या तोंडाने झेलले, आता मुखवटा चढवायचा म्हणजे काहीतरी कबूल करावे लागते. ते कबूल करणे अवघड.

माझे शेजारीही उघड्या तोंडाने बसत. एके संध्याकाळी मुलीने खाली बुडणारा चेंडू टाकला. तो ढेकळावर आपटला, अनपेक्षित उसळला आणि त्यांच्या गालफडावर बसला. मुलगी जागच्या जागी थिजली. त्यांनी गाल चोळला, हसले आणि म्हणाले, ‘‘काही नाही. टाक.’’ तिने टाकला. त्यानंतरचा प्रत्येक चेंडू नेमका हातमोज्यात येत होता. बाप ‘छान, छान’ म्हणत होता. कुंपणापलीकडून मला मात्र आवाजातला फरक कळत होता. धप्प हा आवाज हलका झाला होता. दोन आठवड्यांनी तिच्या प्रशिक्षकांनी वेग का उतरला असे विचारले, तेव्हा बापाने वाढत्या वयाचे कारण दिले. मुलगी गप्प राहिली.

हे धैर्य होते काय? आपल्या पिढीला असे शिकवले गेले आहे, की बापाने वेदना दाखवू नये. खेळाच्या मैदानावर तर हा समज फारच बळकट होता. 1962 साली बार्बाडोसमध्ये नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर ग्रिफिथचा चेंडू आदळला. शस्त्रक्रिया झाली, प्राण वाचले, पण त्यांना पुन्हा कसोटी सामना खेळता आला नाही. त्यानंतरही फलंदाजांनी शिरस्त्राण सर्रास वापरावयास कित्येक वर्षे जावी लागली. उघड्या डोक्याने उभे राहण्यात एक रुबाब होता, हे मीही नाकारणार नाही. तो मैदानाबाहेरून पाहताना मला आवडतही असे. पण तेथे जोखीम घेणारा आणि ती भोगणारा एकच होता. अ‍ॅरिस्टॉटलने धैर्याला भित्रेपणा आणि अविचारी साहस यांच्या मध्ये जागा दिली. त्या मापाने मोजायचे तर फलंदाजाचा हिशेब त्याच्या एकट्यापुरता करता येतो. बादलीवरच्या बापाचा तसा करता येत नाही, कारण त्याला जखम झाली तर ती करणारा हात त्याच्या लेकीचा असतो.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात बभ्रुवाहनाची कथा आहे. यज्ञाच्या घोड्यामागून अर्जुन मणिपुराला पोचला तेव्हा मुलगा शस्त्रे बाजूला ठेवून नम्रपणे स्वागताला आला. अर्जुन रागावला, क्षत्रियाने असे यावे काय, म्हणून त्याने मुलाचा धिक्कार केला. उलूपीनेही डिवचले. मुलगा लढला, चांगला लढला, आणि बाप पडला. यापुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. मुलगा तेथेच अन्नपाणी वर्ज्य करून मरण पत्करावयास बसला. उलूपीजवळ संजीवन मणी होता म्हणून अर्जुन उठला आणि मुलगाही वाचला. तू पूर्ण बळाने लढ, असा आग्रह धरणाऱ्या पित्याने आपण पडलो तर या पोराचे काय होईल, याचा विचार केलेला दिसत नाही. पराजयाची इच्छा सुभाषिताप्रमाणे पुरी झाली. तिची किंमत मुलाच्या माथी आली.

मुलांना हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्याजवळ मणी नाही हे त्यांना ठाऊक असते. म्हणून ती हात आवरतात. उघड्या तोंडाने बसलेला बाप तोंडाने ‘जोरात टाक’ म्हणतो आणि त्याचा उघडा चेहरा ‘सांभाळून टाक’ म्हणतो. मुलगी दुसरी आज्ञा पाळते. कचेरीत आयुष्य गेलेल्या वाचकांना हा प्रकार अपरिचित नसावा. ‘मोकळेपणाने लिहा’ असे वरिष्ठ म्हणतात, आणि टिपण हाती पडताच त्यांच्या कपाळाला आठी पडते. पुढले टिपण कोणी न सांगता मवाळ होऊन येते. माझ्या हाताखालच्या काही हुशार माणसांची टिपणे अशी मवाळ होत गेली होती, हे मला निवृत्तीनंतर, त्या कुंपणापाशी उभा असताना ध्यानात आले.

या घरातला गुंता आईने सोडवला. मुलीचा वेग का उतरला हे तिने पहिल्याच दिवशी ओळखले होते. ती नवऱ्याला म्हणाली, ‘‘लागले नाही असे तिला किती दिवस सांगणार? लागणार नाही अशी व्यवस्था कर, म्हणजे सांगावेच लागणार नाही.’’ मग सामान आले: गळ्यालाही आडोसा देणारा जाळीचा मुखवटा, छातीचे कवच, नडग्या आणि पावले झाकणारी ढालपट्टी, आणि पुरुषांनी चारचौघांत उल्लेख न करता वापरायची ती एक वस्तू. कॅचरचा खास हातमोजा आला, कारण साध्या हातमोज्यात अंगठा उलटा मुडपतो. रिकामा हात पाठीमागे ठेवायचा, नाहीतर तो सवयीने चेंडूकडे धावतो आणि बोट मोडून घेतो. चेंडू कोणता येणार, बुडणारा की उसळणारा, हे मुलीने आधी सांगायचे. जमिनीवर आपटलेला चेंडू पकडण्याचा हट्ट धरायचा नाही, छातीवर घेऊन अडवायचा. तोंड वळवायचे नाही, कारण वळवले की मुखवट्याने न झाकलेली कानशिले उघडी पडतात. उजेड मंदावला की थांबायचे. नवा चेंडू शिकताना, जेव्हा तो कोठे जाईल हे खुद्द मुलीलाच ठाऊक नसते, तेव्हा जाळीत टाकायचा.

पहिल्या दिवशी तो सगळा सरंजाम चढवून गृहस्थ बाहेर आले तेव्हा मुलगी पोट धरून हसली. तेही हसले, पण मला वाटते थोडे कष्टानेच. सुरुवातीचे दहाबारा चेंडू जपूनच आले. मग एक बुडता चेंडू ढेकळावर आपटून थेट मुखवट्याच्या जाळीवर खणकन बसला. मुलीने दोन्ही हात तोंडावर नेले. बाप बादलीवर तसाच बसून होता, चेंडू परत फेकण्यासाठी त्याने हात वर केला होता. त्यानंतर आला तो चेंडू मला दिसलाच नाही, नुसता ऐकू आला.

एक गोष्ट मात्र अजून उरते, आणि तिचे उत्तर मजजवळ नाही. मुखवट्यानेही भागत नाही अशी वेळ पुढे येते. हातमोजा योग्य जागी असतो, पण चेंडू आधीच येऊन गेलेला असतो. त्या वेळी बादलीवरून उठावे हे बापाने ठरवायचे, की मुलीने त्याला सांगायचे? बापाने लवकर उठावे तर ती म्हणेल, कंटाळलात. उशिरा उठावे तर तिला पुन्हा हात आवरावा लागेल. रोज संध्याकाळची ती अर्धी घटका दोघांनाही सोडवत नाही, कारण तेरा-चौदा वर्षांची मुलगी बापाशी इतर वेळी फारसे बोलत नाही. चेंडू येतो, जातो. संभाषण तेवढेच असते आणि ते पुरते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीने फोनवर सांगितले, की शेजारच्या अंगणात आता संघातली एक कॅचर मुलगी येते आणि पलीकडून येणारा आवाज पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठा असतो. मी बादलीची चौकशी केली. बादली आहे, ती म्हणाली. कुंपणाकडेला सरकवली आहे. तिच्यावर बसून ते गृहस्थ ओले झालेले चेंडू फडक्याने पुसतात आणि एकेक करून मुलीच्या हाती देतात.