बारा टोपल्या



निवृत्तीनंतर हाती येणारा पैसा थोडा आणि औषधांचे बिल मोठे, हे आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांचे चित्र आहे. मग आपण काटकसर करतो. पंखा बंद ठेवतो, जुनी पिशवी धुऊन वाळत घालतो. यात लाजण्यासारखे काही नाही. पण काटकसर कुठे संपते आणि कंजूषपणा कुठे सुरू होतो?

योहानलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर सापडते. पाच भाकरी आणि दोन मासे यांत प्रभू येशूने पाच हजार पुरुषांना जेवू घातले. सर्वजण तृप्त झाल्यावर त्याने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले. बारा टोपल्या भरल्या. यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाटप, मग साठवण. काहीही वाया जाऊ नये ही प्रभूचीच इच्छा. पण कोणी उपाशी असताना त्याने टोपली झाकून ठेवली नाही.

हा क्रम आपल्या लालबाग-परळला नवा नाही. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा गिरणी कामगार पाळीप्रमाणे झोपत आणि शेजारची बाई त्यांची खाणावळ चालवी. तिच्या घरी प्रत्येक पैशाचा हिशेब असे, पण पंगतीत ताट कमी पडत नसे. अशा खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कित्येकांना पुन्हा काम मिळालेच नाही. ऐन उमेदीत त्यांच्यावर निवृत्ती लादली गेली. तेव्हा अनेक घरांची चूल बायकांच्या कष्टांवर आणि शेजाऱ्यांच्या उसनवारीवर पेटली.

म्हणून स्वतःला विचारावे : मी वाचवतो ते कोणासाठी? पाहुण्याला चहा विचारायला जीव कचरत असेल, किंवा पैसे वाचवण्यासाठी रक्तदाबाची गोळी चुकवत असू, तर ती काटकसर नव्हे. शरीरही देवाचीच ठेव आहे.

वेळेचेही तसेच. नोकरी सुटली तरी हात चालू असावेत. कोणाचे पेन्शनचे कागद भरून द्यावेत, शेजारच्या मुलांचा अभ्यास घ्यावा. लूकच्या शुभवर्तमानातील हन्ना ही विधवा वृद्धापकाळी मंदिरात रात्रंदिवस प्रार्थना करीत होती. बाळ येशूला पाहून ती त्याच्याविषयी इतरांना सांगू लागली.

पण ज्यांना आता तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवत नाही, त्यांचे काय? ते निरुपयोगी का? मुळीच नाही. माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरली असती, तर देवाने तान्ह्या बाळाच्या रूपात जन्म घेतला नसता. दुसऱ्याची सेवा नम्रपणे स्वीकारणे हेही देणेच आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा आणि ज्येष्ठांचा जागतिक दिन सुरू केला, तोही कोणी एकटे पडू नये म्हणून.

आज मिस्सानंतर घरी जाताना अशा एका दाराची कडी वाजवा. हातात काही नसले तरी चालेल. पाच मिनिटे बसा. आपल्या टोपलीत एवढे नक्कीच उरलेले असते.